तेलाचा डबा आणि रुडॉल्फ डिझेल

दिवाळीच्या सुट्टीत कोहमाऱ्याला घरी गेलो होतो. बाबांच्या डिझेल गाडीचं ऑइल बदलायचं होतं. चौकातल्या दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दोन्ही सिंथेटिक. एकावर ५डब्ल्यू-३० आणि सी-३ लिहिलेलं, दुसऱ्यावर ५डब्ल्यू-४० आणि ए३/बी४. दुसरा थोडा स्वस्त. मेकॅनिक भाऊंचं म्हणणं पडलं की आपल्याकडचं ऊन कडक, घट्ट ऑइलच बरं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, त्याला कळायलाच पाहिजे! मित्रांनो, खरं सांगतो, मला काही कळत नव्हतं. उद्या सांगतो म्हणून घरी आलो आणि इंजिनाचं पुस्तक उघडलं. ऑइलचं राहिलं बाजूला, मी रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यात गुंतून गेलो.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू करायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. म्हणजे आपल्यासारखाच घरापासून दूर! पुढे शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे प्राध्यापक लिंडे यांच्या वर्गात त्याला समजलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामाला लावतं, बाकी वाया जाते. आपणही हे थर्मोच्या तासाला ऐकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. तो विसरला नाही.

१८८० मध्ये उत्तम गुणांनी पास होऊन तो लिंडेंच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात लागला. सोबत स्वतःचे प्रयोग चालूच. अमोनियाच्या वाफेवरच्या इंजिनाचा स्फोट होऊन तो मरता मरता वाचला. १८९३ मध्ये त्याला नव्या इंजिनाचं पेटंट मिळालं. कल्पना अशी की नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटेल, ठिणगीची गरजच नको. कागदावर त्याने २५० ॲटमॉस्फियरपर्यंतचा दाब धरला होता. ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली ऑगस्ट १८९३ मध्ये, तर दाब मोजायचं यंत्रच फुटलं. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर चाललं, पण किती? एक मिनिटभर!

इथे या माणसाचं मोठेपण दिसतं. आपलं गणित बरोबर, लोखंडच चुकतंय, असा हट्ट त्याने धरला नाही. दाब खाली आणला, इंधन आत सोडायची पद्धत बदलली, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी मोजमाप केलं तेव्हा कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर निघाली.

मग पैसा आला, नाव झालं. पण पेटंटचे वाद, ढासळती तब्येत आणि जमिनीच्या व्यवहारातलं नुकसान यांत तो कर्जात बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो ड्रेसडेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला होता. सकाळी केबिन रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. आत्महत्या की अपघात, हे आजही नक्की सांगता येत नाही. त्याचं इंजिन मात्र राहिलं. कोहमाऱ्याच्या चौकातून रायपूरकडे जाणारे ट्रक त्याच्यावरच चालतात. आमच्याकडे धानाच्या बांधीला पाणी देणारी इंजिनंही त्याचीच.

आता डब्याकडे येतो. सकाळी मी अंदाज सोडला आणि गाडीचं मॅन्युअल काढलं. त्यात सी-३ स्पष्ट लिहिलं होतं. कारण गाडी बीएस-६, धुराच्या वाटेत काजळीचा फिल्टर. अडकलेली काजळी फिल्टर तापला की जळून जाते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती साचत राहते. सी-३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, ए३/बी४ मध्ये ती जास्त. फिल्टर तुंबला तर डब्यावर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च. आणि उन्हाचं म्हणाल तर, चालत्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेरच्या उन्हाने त्यात फारसा फरक पडत नाही.

भाऊंना हे सांगितलं. ते चुकीचे नव्हते, त्यांचा हात फिल्टर नसलेल्या जुन्या इंजिनांवर बसलेला. त्यांनी मॅन्युअलचं पान स्वतः वाचलं आणि सी-३ चा डबा उघडला.

सिंथेटिक हा शब्द दोन्ही डब्यांवर होता, त्यावरून काहीच ठरत नव्हतं. या इंजिनाला काय चालतं ते चाचणी घेऊन कोणीतरी लिहून ठेवलं होतं, आम्ही फक्त ते वाचायचं राहिलो होतो. डिझेलने चार वर्षं घालवून हेच तर केलं, इंजिन काय सांगतं ते ऐकलं. पुढच्या व्हायवाला त्याचं नाव निघालं, तर मी नुसती सायकल काढून थांबणार नाही.