देवीच्या लसीचे जनक : डॉ. एडवर्ड जेन्नर

२०२२मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा नागपूर जिल्ह्यासह विदर्भातील गोठ्यांमधून गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. एका विषाणूला रोखण्यासाठी त्याच्याच भाऊबंदाची मदत घेण्याची ही युक्ती शास्त्रात रूढ केली, ती डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील बर्कले या गावी झाला. पाचव्या वर्षीच त्यांचे मातृपितृछत्र हरपले. लंडनला जॉन हंटर या विख्यात शल्यविशारदाकडे शिक्षण घेऊन ते गावी परतले. गायीच्या देवी अंगावर आलेल्या गवळणींना मोठ्या देवी येत नाहीत, हा लोकानुभव त्यांनी कसोटीला लावला. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्राव त्यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. पुढे त्याला खऱ्या देवीचा द्राव टोचूनही रोग झाला नाही. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही. रॉयल सोसायटीने त्यांचे निष्कर्ष स्वीकारले नाहीत, तेव्हा १७९८मध्ये त्यांनी ते स्वतःच प्रसिद्ध केले. अवघ्या चार वर्षांत, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर यांचे निधन झाले.

आपण टोचतो ते नेमके काय, हे मात्र त्यांना कधीच कळले नाही. गायीचा हा रोग मूळचा घोड्याचा असावा, हा त्यांचा तर्क अनेकांना पटला नाही. देवीकुळातील विषाणूंच्या डीएनएत सुमारे दोन लाख अक्षरे असतात. एवढा लांब धागा परीक्षानळीत हाताळणे कठीण. म्हणून संशोधकांनी १९८२मध्ये वेगळी वाट काढली : विषाणूग्रस्त पेशीत डीएनएचा हवा तो तुकडा सोडायचा आणि विषाणूलाच तो आपल्या धाग्यात गुंफू द्यायचा. पुढे संपूर्ण धागा वाचणेही साधले. २०१७मध्ये अमेरिकेतील १९०२ सालच्या लसीचा डीएनए वाचला गेला, तेव्हा तिचा विषाणू घोड्यांच्या देवीच्या अगदी जवळचा निघाला. जेन्नर यांचा तर्क निराधार नव्हता!

१९८०मध्ये देवीचे उच्चाटन जाहीर झाले आणि लसीकरण थांबले. मात्र २००९मध्ये सोलापूर, कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींच्या देवी माणसांनाही झाल्या. तो विषाणू जुन्या लसीतील विषाणूचाच सगोत्र आहे. देवीची लस न टोचलेल्या पिढ्या आता गोठ्यांत वावरत आहेत. त्यामुळे या विषाणूंच्या जनुकांवर लक्ष ठेवणे, हेच जेन्नर यांचे अपुरे राहिलेले काम होय.