वऱ्हाडचे नवाब : दादासाहेब खापर्डे

अमरावतीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला खापर्डे हे आडनाव नवे नाही. पण हे गृहस्थ कोण, असे वर्गात विचारले, तर लोकमान्यांचे मित्र यापलीकडे बहुतेकांची गाडी सरकत नाही. माझीही सरकत नव्हती.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. तो दिवस गणेशचतुर्थीचा, म्हणून नाव गणेश. आदल्याच वर्षी वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८७७ साली पदवीधर झाले. संस्कृतची गोडी त्यांना जन्मभर पुरली. १८८४ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पाच वर्षे वऱ्हाडातच सरकारी नोकरी केली आणि १८९० साली ती सोडून अमरावतीत वकिली थाटली. सुखाची सरकारी नोकरी अशी सोडणे आपल्या घरी कोणाला पटले असते?

वकिली मात्र जोरात चालली. घोडागाड्या, नोकरचाकर, पाहुण्यांच्या पंगती, येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळा हात! लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. नाटकाचा शौकही तसाच होता. १९०५ साली मुंबईला भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष शंकरन नायर, तर स्वागताध्यक्ष दादासाहेब. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. याच गावचे दुसरे नामांकित वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर नेमस्त पक्षाचे होते, तर दादासाहेब जहालांचे. १९०७ साली सुरतेत राष्ट्रसभा फुटली, तेव्हा दादासाहेब टिळकांच्या बाजूला होते. मुधोळकर पुढे १९१२ साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. एकाच गावाने दोन्ही पक्षांना पुढारी दिले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

१९०८ साली अकोल्याच्या शिवजयंती उत्सवाला टिळक आले होते. त्या सभेला गजानन महाराज हजर होते आणि त्यांनी पुढच्या संकटाची सूचना दिली, असे पोथीत सांगितले आहे. तो भाग श्रद्धेचा. इतिहास एवढाच की, जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. ऑगस्टमध्ये दादासाहेब विलायतेला निघाले.

त्यांच्या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. वय चोपन्न, मागे भरलेले घर, वकील गावात नाही म्हटल्यावर अशील दुसरीकडे जाणारच. तरीही मित्राच्या खटल्याचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी ते दोन वर्षांहून अधिक काळ लंडनला राहिले. अपील फेटाळले गेले. तिकडच्या पुढाऱ्यांना भेटणे, अर्ज करणे चालूच राहिले, तेही व्यर्थ. १९१० साली परतताना ते ब्रह्मदेशात उतरले, मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले आणि मगच अमरावतीला आले. रिकाम्या हातांनी मित्रापुढे उभे राहणे किती जड गेले असेल!

आता वकिलीची घडी मोडली होती. डिसेंबर १९१० मध्ये ते शिर्डीला साईबाबांकडे गेले. पुढच्या वर्षअखेरीस गेले ते तीनएक महिने तिथेच राहिले. सोबत पत्नी लक्ष्मीबाई होत्या. तिथे पंचदशीचे वाचन चाले. नवाबाने तिथे काय शोधले, हे त्यांच्या शिर्डीच्या रोजनिशीत थोडे दिसते, पुष्कळसे दिसत नाही. लक्ष्मीबाईंनी त्या दोन वर्षांत घर कसे चालवले असेल, याबद्दल मात्र कोणी फारसे लिहिलेले नाही.

१९१६ साली होमरूलची चळवळ उभी राहिली, तिच्यात ते पुन्हा टिळकांबरोबर होते. १९२० साली टिळक गेले आणि गांधीजींचा असहकार आला. न्यायालये आणि कौन्सिले सोडा, हे दादासाहेबांना मानवले नाही. ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. यासाठी त्यांना मागे पडलेला पुढारी ठरवतात. मला ते पुरते पटत नाही. जन्मभर कायद्याने भांडलेला हा माणूस, त्याने सहासष्टाव्या वर्षी शस्त्र बदलायला नकार दिला. पण लोक पुढे गेले होते, हेही खरेच.

१ जुलै १९३८ रोजी दादासाहेब वारले. चाळीसहून अधिक वर्षे ते रोजनिशी लिहीत होते, तीही इंग्रजीत. त्या वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.