‘एकलव्य’ : केशवराव भोळे

गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायक-गायिकांवर लेख येऊ लागले. ते लिहिणारे गृहस्थ म्हणजे केशवराव भोळे. त्यांचा जन्म १८९६ साली अमरावतीस झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले. परंतु मन रमले ते गाण्याच्या बैठकांत, आणि डॉक्टरकी मागे पडली.

गायकाविषयी लिहायचे म्हणजे घराण्याची थोरवी सांगायची, नाहीतर मैफल किती रंगली ते वर्णायचे, असा तेव्हा बहुधा प्रघात असे. केशवरावांनी त्याऐवजी गाण्याकडेच लक्ष वेधले. आवाज कसा लागतो, आलापाची मांडणी कशी होते, तान कुठे शोभते, शब्द स्वरात कसा मिसळतो, हे त्यांनी सामान्य वाचकास कळेल अशा मराठीत उलगडून दाखविले. हे लेख पुढे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या पुस्तकात संग्रहित झाले.

हे काम सोपे नव्हते. ज्यांच्याविषयी लिहायचे ते कलावंत हयात होते आणि मुंबई-पुण्याचे संगीतविश्व लहान होते. आज ज्याचे उणे दाखविले, त्याच्याच मैफलीत उद्या जाऊन बसायचे! अशा वेळी समीक्षकाजवळ स्वतःच्या कानाशी राखलेले इमान, एवढेच भांडवल असते.

या इमानाची खरी परीक्षा पुढेच होती. इतरांचे गाणे पारखणाऱ्याने आता स्वतःच्या चाली लोकांपुढे ठेवल्या. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत केशवरावांचे होते आणि त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई त्यात भूमिका करीत होत्या. रात्र रात्र चालणाऱ्या पदांच्या जागी मोजकी भावगीते आली. नंतर ‘प्रभात’ चित्रसंस्थेत त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटांना संगीत दिले. ‘कुंकू’मध्ये तर पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातील नैसर्गिक आवाजांवरच भिस्त ठेवली होती. गाण्यात अनावश्यक काय, हे ओळखणाऱ्या कानाला असा प्रयोग मानवला असेल, यात नवल नाही.

उत्तरायुष्यातही त्यांची लेखणी थांबली नाही. ‘आवाजाची दुनिया’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’, ‘माझे संगीत’ या पुस्तकांतून त्यांनी आपले श्रवण आणि अनुभव मराठी वाचकांच्या स्वाधीन केले.

मारतहळ्ळीत आपली मुले उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी ऐकतात आणि वर्गात येऊन मराठी वाचतात. ऐकण्याची शिदोरी त्यांच्याजवळ उदंड आहे. ती पारखायला मात्र शिकवावे लागते. स्नेहसंमेलनात मुलाने गाणे म्हटले की आपण सारे टाळ्या वाजवतो, आणि वाजवाव्यातही. परंतु कोणता स्वर नेमका लागला आणि कोणता निसटला, हे नंतर जवळ बसवून मायेने सांगणारा एखादा जाणता श्रोताही त्या मुलास लाभावा. केशवरावांनी मराठी वाचकांसाठी आयुष्यभर हेच केले.