डॉ. कमल रणदिवे : उंदरांकडून माणसाचा आजार शिकणाऱ्या शास्त्रज्ञ

मॉडेल म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको. पूल बांधण्याआधी त्याचं लहान मॉडेल करायचं, त्यावर लोड टाकायचा आणि तडा कुठे जातो ते बघायचं. मॉडेल मोडलं तरी चालतं, पूल मोडून चालत नाही. पण माणसाच्या शरीराचं मॉडेल कुठून आणायचं? कॅन्सर कशाने होतो हे बघण्यासाठी धडधाकट माणसाला मुद्दाम आजारी तर पाडता येत नाही. या एका प्रश्नामागे पुण्याच्या एका मुलीने आपलं आयुष्य घालवलं. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी गूगलच्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना हे नाव पहिल्यांदाच कळलं असेल.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. मुली शिकून काय करणार, असं उघड बोललं जाण्याचा तो काळ. पण समर्थांच्या घरात सगळ्याच मुलांना चांगलं शिक्षण द्यायचं हे ठरलेलं होतं. कमल हुजूरपागेत शिकली आणि हुशार निघाली. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत! फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिने विशेष प्रावीण्यासह बी.एस्सी. केलं आणि १९३९ साली जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केलं. लग्नानंतर शिक्षण थांबलं नाही, उलट नवऱ्याने त्यात मदतच केली. १९४३ मध्ये पुण्याच्या ॲग्रिकल्चर कॉलेजमधून त्या एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमधली गुणसूत्रं. म्हणजे पुढे कॅन्सरच्या पेशी बघणाऱ्या या बाईंनी सुरुवात सीताफळापासून केली होती.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रातलं मोठं नाव. भारतात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इतके का, याचा माग काढणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी ते एक. त्यांच्या हाताखाली काम करून रणदिवेबाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढचं शिक्षण परदेशात घ्यावं असं खानोलकरांनी सुचवलं आणि फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या.

तिथे त्यांना जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. पेशी शरीराबाहेर काचेच्या नळीत जगवण्याच्या तंत्रात, म्हणजे टिश्यू कल्चरमध्ये, गाय यांचा हातखंडा होता. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतल्या त्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या, ही त्या यशाची काळी बाजूही लक्षात ठेवायला हवी.

अमेरिकेत राहून चांगलं करिअर करता आलं असतं, पण बाई परत आल्या. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. ही भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. पेशींना ३७ अंशांचं तापमान हवं, योग्य खाद्य हवं आणि आजूबाजूला एकही जंतू नको. एक बुरशीचा कण शिरला की आठवड्यांची मेहनत वाया! आपलं सर्किट जळलं तर नवीन आयसी आणता येतो, इथे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पण नळीतली पेशी म्हणजे अख्खं शरीर नव्हे. त्यासाठी उंदीर हवेत. तेही कुठलेही उंदीर चालत नाहीत. भावाबहिणींच्या जोड्या लावत किमान २० पिढ्या वाढवल्या की त्या वंशातले उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. मग एका गटावर प्रयोग केला आणि दुसऱ्यावर नाही, तर दिसणारा फरक प्रयोगामुळे आहे असं खात्रीने म्हणता येतं. असा एक वंश या संस्थेच्याच नावाने, 'आयसीआरसी उंदीर' म्हणून नोंदला गेला आहे.

रणदिवेबाईंचं मोठं काम स्तनाच्या कॅन्सरवर झालं. अमेरिकेत १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. उंदरांच्या काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी व्हायच्या. पण त्यांची पिल्लं जन्मताच दुसऱ्या, निरोगी वंशाच्या आईच्या दुधावर वाढवली की गाठींचं प्रमाण एकदम खाली यायचं. म्हणजे फक्त आनुवंशिकता नव्हे, दुधातूनही काहीतरी जात होतं. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू निघाला. आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू या तिघांची सांगड कशी बसते, हा बाईंच्या अभ्यासाचा गाभा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन्सचा वाटा असतो ही गोष्ट आज डॉक्टर सहज सांगतात. त्या काळात मात्र ती उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर वर्षानुवर्षं नोंदी ठेवून शोधावी लागत होती. उंदरांत सापडलेला विषाणू माणसातही कॅन्सर करतो, हे मात्र आजवर सिद्ध झालेलं नाही. मॉडेल किती सांगतं आणि कुठे गप्प बसतं, दोन्ही ओळखावं लागतं.

आता होस्टेलवाल्यांनी जरा कान देऊन ऐकायची गोष्ट. सत्तरच्या दशकात रणदिवेबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विड्यातले घटक, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, वेगवेगळे करून प्राण्यांवर तपासले. यासाठी त्यांनी हॅम्स्टर वापरले. या प्राण्याच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. तिथे अर्क लावून पुढे काय होतं ते बघता येतं, जणू गालात तोबरा धरलेला माणूसच! १९७६ आणि १९७९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. दोष एकट्या तंबाखूचा नाही, सुपारीही निरुपद्रवी नाही, हे त्यातून पुढे येत होतं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सरकारक असल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. तेव्हा 'मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो' असं टपरीवर सांगणाऱ्या मित्राला हा हॅम्स्टर जरूर आठवून द्या.

कॅन्सरसोबत बाईंनी कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. रुग्णांकडून मिळालेले जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या त्या कामातून पुढे संस्थेत कुष्ठरोगावरची लस तयार झाली. त्यांचे २०० हून जास्त शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचं प्रभारी संचालकपद सांभाळलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

१९७३ मध्ये सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीला या संघटनेचं नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे. बाईला संशोधन करायचं तर राहायची आणि मुलांना सांभाळायची सोय आधी पाहिजे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. परदेशात शिकणाऱ्यांनी परत यावं असा त्यांचा आग्रह असे, आणि तो त्यांना शोभायचा, कारण त्या स्वतः आल्या होत्या. उतारवयात त्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात रमल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्यांच्या संस्थेचं संशोधनकार्य खारघरच्या नव्या केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, गेलं. आपण लोणावळ्याचा घाट उतरून मुंबईला जातो तेव्हा वाटेत खारघर लागतं, तेच हे.

बाईंच्या मागे हा विषय आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, पिंजऱ्यात राहतो, एकच खाद्य खातो. घरातला कुत्रा मात्र आपलीच हवा घेतो, आपल्याच सिगारेटचा धूर ओढतो, म्हातारा होतो आणि त्याला कॅन्सर आपोआप होतो, माणसासारखाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २००३ मध्ये खास पाळीव प्राण्यांच्या कॅन्सरवर कार्यक्रम सुरू केला. त्यात कुत्र्याला मुद्दाम आजारी पाडत नाहीत. मालकाच्या संमतीने आजारी कुत्र्यावरच उपचार होतात आणि त्यातून माणसासाठी माहिती मिळते. हाडाचा कॅन्सर तर कुत्र्यात आणि तरुण मुलांत खूपच सारखा असतो.

आणि हार्मोन्सचा धागा इथेही सापडतो. वयात येण्याआधी नसबंदी केलेल्या कुत्रीला स्तनाच्या गाठी फार कमी होतात, असं १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासाने मांडलं. नेमक्या आकड्यांवर अजून वाद आहेत. आपल्या मावळातल्या भातखाचरात राबणाऱ्या बैलाचंच घ्या. भारतातल्या गुरांमध्ये शिंगाचा कॅन्सर आढळतो आणि तो गाय किंवा वळूपेक्षा खच्ची केलेल्या बैलात जास्त दिसतो. यामागे हार्मोन्स, उन्हाचा मारा, जुवाचं घर्षण अशी अनेक कारणं सुचवली गेली आहेत, शेवटचा शब्द अजून झालेला नाही. परळला टाटा हॉस्पिटलपासून जवळच १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर शेजारी बसून काम करू लागले, तर अशा प्रश्नांची उत्तरं आपल्याकडेच मिळू शकतील.

त्यात आपणही हवे आहोत. स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर, पेशी वाढवणारी यंत्रं, औषध नेमक्या जागी पोचवणारे सूक्ष्म कण, या सगळ्याला इंजिनिअर लागतात. सीताफळाच्या पेशींवरून कॅन्सरकडे वळता येतं, तर मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरवरून का नाही? आणि तोवर निदान एवढं करू या, मेसच्या मागे बसणाऱ्या कुत्रीच्या अंगावर गाठ दिसली तर तिला हाकलून न देता जनावरांच्या दवाखान्यात कळवू या. आजार तिचा आणि आपला फार वेगळा नाही, हेच तर रणदिवेबाईंनी आयुष्यभर दाखवलं.