तीन तौरातींचा अभ्यासक : अल्-बेरुनी

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, तर कधी थंडीत येतो. बनी इस्राईलचे महिनेही चंद्रावरच मोजले जातात. तरीही हजरत मूसा (अ.) यांनी आपल्या कौमला फिरऔनच्या गुलामीतून सोडवले, त्या सुटकेचा वल्हांडण सण नेहमी वसंत ऋतूतच येतो. हे कसे, याचा उलगडा हजार वर्षांपूर्वी बारकाईने लिहून ठेवणारे विद्वान म्हणजे अबू रैहान अल्-बेरुनी.

त्यांचा जन्म इ.स. 973 चा, मध्य आशियातील ख्वारज्मचा. ऐन तारुण्यात तिथे सत्तापालट झाला आणि त्यांना वतन सोडावे लागले. पुढे कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जानमध्ये काबूस या राजाचा आश्रय मिळाला. तिथेच इ.स. 1000 च्या सुमारास त्यांनी ‘आसारुल बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. विषय होता निरनिराळ्या कौमांची कालगणना. पण एखाद्या समाजाचे पंचांग समजायचे, तर त्याचे सण, उपवास, राजांच्या वंशावळी आणि धर्मग्रंथही समजून घ्यावे लागतात, हे त्यांनी ओळखले.

वल्हांडणाचे कोडे असे सुटले. यहुदी लोक 19 वर्षांत 7 वेळा एक महिना वाढवतात, म्हणून त्यांचे सण ऋतूला धरून राहतात. आपल्याकडच्या अधिक महिन्यासारखाच हा हिशेब. इस्लामपूर्व अरबांनीही महिना वाढवण्याची रीत यहुद्यांकडूनच घेतली होती, अशी नोंद त्यांनी केली. कुरआनने ती बंद केली.

मग त्यांनी तौरात हाती घेतली. यहुद्यांची, ख्रिस्ती लोकांमधील ग्रीक आणि सामरी पंथाची, अशा तिन्हींतील आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. हजरत आदम यांच्यापासून हजरत नूह यांच्या काळातील महापुरापर्यंत पहिलीत 1656, दुसरीत 2242, तर तिसरीत 1307 वर्षे भरली. एवढी तफावत असताना केवळ वर्षांच्या बेरजेवर निकाल देता येत नाही, हे उघड झाले. धर्मग्रंथातील अक्षरांना अंक देऊन मसीहच्या आगमनाचे साल काढण्याची पद्धतही त्यांनी तपासली. अशा बेरजांतून हवे ते सिद्ध करता येते, हे दाखवून त्यांनी ती बाजूला ठेवली.

हीच कसोटी त्यांनी आपल्या लोकांत चालत आलेल्या गोष्टींनाही लावली. आशूराच्या रोजाचा संबंध फिरऔन बुडाल्याच्या दिवसाशी जोडला जातो. यहुद्यांचा दहाव्या तारखेचा मोठा उपवास तिशरी महिन्यात येतो. समुद्राची घटना मात्र त्यांच्या परंपरेप्रमाणे निसान महिन्यातली, म्हणजे वल्हांडणाच्या दिवसांतली. अल्-बेरुनी स्वतः श्रद्धावान मुसलमान होते, पण ही विसंगती त्यांनी झाकली नाही. दुसऱ्याच्या ग्रंथातील फरक दाखवणाऱ्याने आपल्याकडच्या कथनाचा हिशेबही तपासला पाहिजे, एवढी त्यांची शिस्त कडक होती.

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारज्म जिंकले आणि त्यांना गझनीला नेले. तिथून त्यांचा हिंदुस्थानशी संबंध आला. उतारवयाकडे झुकत असताना ते संस्कृत शिकले, पंडितांशी बोलले आणि 1030 च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ लिहिला. त्यात अधिक मासाचे गणितही आहे. यहुद्यांबद्दल लिहिताना जुर्जानच्या यहुदी विद्वानाला विचारावे, हिंदूंबद्दल लिहिताना पंडितांना विचारावे, हा त्यांचा शिरस्ता होता. ज्यांचा धर्म, त्यांच्याच ग्रंथांतून आणि त्यांच्याच माणसांकडून तो समजून घ्यायचा.

1050 च्या आसपास गझनीत त्यांचा इंतकाल झाला. शेजाऱ्याच्या धर्माबद्दल ऐकीव गोष्टींवर मत बनवणे आजही सोपे आहे. अल्-बेरुनींनी मात्र आयुष्यभर मेहनतीची वाट धरली.