पृथ्वीचे वय मोजणाऱ्या शास्त्रज्ञाचा शिशाशी लढा

पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. हा आकडा प्रथम खात्रीने सांगणारे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात तेवढ्यानेही अजरामर झाले असते. मात्र त्या शोधात जो अडथळा त्यांना पावलोपावली नडला, त्याचाच माग काढण्यात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. तो अडथळा शिशाचा होता आणि त्या पाठलागाचे सर्वाधिक भले झाले ते लहान मुलांचे.

आयोवा राज्यातील मिचेलव्हिल या छोट्या गावी २ जून १९२२ रोजी पॅटरसन यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात होते. आईने आणून दिलेल्या रसायनशास्त्राच्या खेळण्याने मुलाला प्रयोगांची गोडी लावली. महायुद्धाच्या काळात ओक रिज येथील अणुप्रकल्पात त्यांनी मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र हाताळले. अणूंच्या वजनांतील सूक्ष्म फरक टिपणारे हे यंत्रच पुढे त्यांचे मुख्य साधन ठरले.

युद्धानंतर शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राऊन यांनी त्यांच्यावर एक काम सोपवले. युरेनियमचे रूपांतर कोट्यवधी वर्षांत शिशात होते. त्यामुळे खडकातील युरेनियम व शिशाचे प्रमाण काढता आले, तर खडकाचे वय कळू शकते. सहकारी जॉर्ज टिल्टन यांचे युरेनियमचे आकडे जुळत गेले, पॅटरसन यांचे शिशाचे मात्र काही केल्या जुळेनात. नमुन्यात असावे त्याहून कितीतरी अधिक शिसे दर वेळी सापडे. ते खडकातले नव्हतेच. हवेतून, पाण्यातून, भांड्यांतून, संशोधकाच्या केसांतून आणि कपड्यांतून ते नमुन्यात उतरत होते.

पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात कॅलटेक येथे आल्यावर त्यांनी गाळलेल्या हवेची, सतत घासूनपुसून लख्ख ठेवलेली प्रयोगशाळा उभारली. एखाद्या कर्मठ घरातील सोवळ्यालाही मागे टाकील, अशी तिथली शिस्त होती. तिथे वेगळे केलेले अशनीतील शिसे १९५३ मध्ये अरगॉन प्रयोगशाळेतील यंत्रावर मोजले गेले आणि उत्तर हाती आले. त्या आनंदात आयोवात आईकडे पोहोचलेल्या पॅटरसन यांची छाती इतकी धडधडत होती की, हृदयविकाराचा झटका येणार या भीतीने त्यांनी आईला आपल्याला रुग्णालयात नेण्यास सांगितले, असे सांगितले जाते. १९५६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

एवढे शिसे आले तरी कुठून, हा प्रश्न मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. सागराच्या पाण्यात त्यांना खोल थरांपेक्षा पृष्ठभागाजवळ शिसे कितीतरी अधिक आढळले. याचा अर्थ ते अलीकडेच वरून येऊन पडले होते. ग्रीनलंडच्या बर्फात तर इतिहासच थरांनी रचलेला होता. प्राचीन हिमथरांच्या तुलनेत विसाव्या शतकातील थरांत शिसे शेकडो पटींनी वाढले होते, आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची होती. संशयाची सुई पेट्रोलकडे वळली. इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले जात होते आणि ते प्रत्येक मोटारीच्या धुरातून बाहेर पडत होते.

या उद्योगाची वैद्यकीय बाजू सांभाळत असत डॉ. रॉबर्ट केहो. शिसे माणसाच्या शरीरात निसर्गतःच असते आणि ठरावीक मर्यादेखाली ते निरुपद्रवी असते, हा त्यांचा सिद्धांत चार दशके प्रमाण मानला गेला. मोटारींपासून दूर राहणाऱ्या मेक्सिकोतील खेडुतांच्या शरीरातही शिसे सापडते, हा त्यांचा आवडता पुरावा होता. ते खेडूत शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होते, याकडे मात्र लक्ष दिले गेले नव्हते.

पॅटरसन यांनी घाव घातला तो नेमका याच जागी. सर्वांमध्ये आढळते म्हणून एखादी गोष्ट नैसर्गिक ठरत नाही, असे त्यांनी १९६५ च्या निबंधात मांडले. अमेरिकी माणसाच्या रक्तातील शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट असल्याचा त्यांचा हिशेब होता. त्या निबंधाच्या परीक्षकांमध्ये केहोही होते. तो छापावा, म्हणजे लेखकाचे अज्ञान उघडे पडेल, असा त्यांचा होरा होता. तो साफ चुकला.

किंमत मोजावी लागली ती पॅटरसन यांनाच. तेल उद्योगाकडून मिळणारा निधी थांबला, सरकारी आरोग्य सेवेचे कंत्राट गेले. १९६६ मध्ये सिनेटर मस्की यांच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तरीही हवेतील शिशाचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९७१ च्या समितीत या विषयातील सर्वांत जाणत्या माणसाला स्थान नव्हते. पुढच्या समितीत ते आले. पण बहुमताचा गुळमुळीत अहवाल त्यांना मानवला नाही आणि त्यांनी ७८ पानांचे स्वतंत्र मत जोडले.

शिशाचा खरा घाव कुठे बसतो, हे तोवर वैद्यकशास्त्रही दाखवू लागले होते. १९७९ मध्ये बोस्टनजवळच्या शाळांतील मुलांचे पडलेले दुधाचे दात डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापनातील कामगिरी उणी आणि वर्गातील लक्ष कमी, असे त्यांना दिसले. ही मुले आजारी नव्हती. विषबाधेचे एकही ठळक लक्षण त्यांच्यात नव्हते.

शरीराला शिसे हे कॅल्शियमसारखे भासते, हे यामागचे एक मोठे कारण. आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसे गरोदरपणात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत जाते. पोटात गेलेल्या शिशाचा प्रौढ माणूस सुमारे दहावा हिस्सा शोषून घेतो, तर लहान मूल निम्म्यापर्यंत. मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जाण्याचे काम ज्या वर्षांत सर्वाधिक वेगाने चालते, नेमका तेव्हाच हा तोतया त्या कामात शिरतो. संप्रेरकेही त्यातून सुटत नाहीत. ड जीवनसत्त्वाचे मूत्रपिंडात संप्रेरकात रूपांतर होण्याची क्रिया शिशाने मंदावते. रक्तात शिसे अधिक असलेल्या मुली उशिरा वयात येतात, असेही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहण्यांत दिसले. मेंदूचे नुकसान मात्र नंतर शिसे काढून टाकले तरी भरून येत नाही.

पॅटरसन यांचा धडाका थांबला नव्हता. सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या पेरूतील सांगाड्यांत शिसे आजच्या माणसाच्या तुलनेत नगण्य असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी डबाबंद ट्यूना माशाची पाळी आली. डब्याच्या सांध्याला शिशाचा डाख दिलेला असल्याने आतील माशात ताज्या माशापेक्षा हजारो पटींनी शिसे उतरत होते. १९९१ पर्यंत अमेरिकी उत्पादकांनी असे डबे बनवणे बंद केले.

पेट्रोलमधील शिसे १९७० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने घटवले गेले. १९७६ ते १९८० च्या पाहणीत अमेरिकेतील पाच वर्षांखालील दहापैकी जवळपास नऊ मुलांच्या रक्तात दर डेसीलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे होते. १९९१ पर्यंत या वयातील मुलांच्या रक्तातील सरासरी ७५ टक्क्यांहून अधिक खाली आली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतके निर्विवाद यश क्वचितच दिसते.

मानसन्मान उशिराने आले. १९८७ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आणि १९९५ मध्ये पर्यावरणासाठीचा टायलर पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील सी रँच येथील घरी दम्याच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या रस्त्यांवरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली ती १ जानेवारी १९९६ रोजी. अवघे चार आठवडे कमी पडले.

भारतात ही बंदी १ फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू झाली. त्यानंतर मुंबईत झालेल्या एका पाहणीतही तपासलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले. रंग, जुन्या बॅटऱ्या आणि मातीत मुरलेली धूळ शिल्लक होतीच. वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील अखेरचा देश अल्जेरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. त्याच वर्षी अमेरिकेने मुलांसाठीची दखलपात्र पातळी ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. १९६० च्या दशकात ती ६० होती. औद्योगिक युगापूर्वीच्या माणसाच्या रक्तातील शिशाचा अंदाज पॅटरसन यांचे सहकारी रसेल फ्लेगल यांनी डोनाल्ड स्मिथ यांच्यासह १९९२ मध्ये बांधला होता. तो आकडा होता ०.०१६ मायक्रोग्रॅम.