मिगेल फ्लेता : 'तुरांदोत'चा विस्मृतीत गेलेला पहिला नायक

इटालियन संगीतकार पुच्चिनी यांच्या 'तुरांदोत' या ऑपेरातील 'नेस्सुन दोर्मा' हे गीत १९९० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने पावारोत्ती यांच्या आवाजात जगभर पोहोचले. मात्र रंगमंचावर ते सर्वप्रथम गाणारे स्पॅनिश गायक मिगेल फ्लेता आज ऑपेराच्या जाणकारांखेरीज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत.

फ्लेता यांचा जन्म १ डिसेंबर १८९७ रोजी स्पेनमधील अरागॉनच्या अल्बालाते दे सिंका या गावी झाला. 'होता' या अरागॉनच्या लोकगीतांवर त्यांचा कंठ घडला. पुढे बार्सिलोनाच्या लिसेऊ संगीत विद्यालयात लुईसा पिएरिक या अध्यापिकेने त्यांचे सामर्थ्य ओळखले. विद्यालय सोडून त्या या शिष्यासह इटलीस गेल्या आणि त्यांच्या जीवनसंगिनीही झाल्या.

१४ डिसेंबर १९१९ रोजी ट्रिएस्ट येथे झान्दोनाई यांच्या 'फ्रांचेस्का दा रिमिनी'मधून फ्लेता यांनी पदार्पण केले. अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पोहोचले. उंच स्वर दीर्घकाळ धरून तो हळूहळू अतिशय सूक्ष्म करीत नेणे हे त्यांच्या गायनाचे वैशिष्ट्य होते. श्रोते या स्वरावर लुब्ध होत. परंतु त्यासाठी लागणारा दमसास कंठाची कठोर परीक्षा पाहणारा होता.

१९२५ मध्ये मेट्रोपॉलिटनचा करार अर्धवट सोडल्याने त्यांच्यावर न्यायालयीन वाद ओढवला. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये त्यांनी 'ला बोएम' सादर केला. त्यानंतर बंद पडलेल्या या वास्तूत ऑपेरा पुन्हा सुरू होण्यास १९९७ साल उजाडले.

२५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ला स्काला येथे 'तुरांदोत'चा पहिला प्रयोग झाला. फ्लेता राजपुत्र कालाफच्या भूमिकेत होते. पुच्चिनी यांचे १९२४ मध्येच निधन झाले होते. त्यांच्या हातून जेथवर रचना पूर्ण झाली होती, तेथेच संगीत संचालक तोस्कानिनी यांनी त्या रात्री प्रयोग थांबवला.

हा फ्लेता यांच्या कीर्तीचा कळस ठरला. याच सुमारास पिएरिक यांची साथ सुटली आणि त्यांच्या शिस्तीचा आधारही गेला. अविरत दौरे व आवाजावरील ताण यांचे परिणाम दिसू लागले. वयाच्या तिशीतच त्यांचा स्वर थकला. त्यानंतर ते प्रामुख्याने मैफली आणि 'सार्सुएला' या स्पॅनिश संगीतनाट्यांकडे वळले.

१९३६ मध्ये यादवी युद्ध भडकल्यावर त्यांनी जनरल फ्रांको यांच्या पक्षाची बाजू घेतली. युद्ध सुरू असतानाच २९ मे १९३८ रोजी ला कोरुन्या येथे वयाच्या ४० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रिकांमुळे फ्लेता यांचा ऐन बहरातील आवाज आजही ऐकता येतो. कालाफची गीते मात्र त्यांनी कधीच ध्वनिमुद्रित केली नाहीत. त्यामुळे जगभर गाजलेल्या 'नेस्सुन दोर्मा'चा पहिला स्वर ला स्कालाच्या त्या श्रोत्यांबरोबरच कायमचा हरपला आहे.